ज्याले खेळता येत नाही

२०२५ च्या ऑक्टोबरात मडगावात फुटबॉलमध्ये सिंगापूरनं आपल्याला २-१ असं हरवलं आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला एका ओळखीच्या व्यापारी काकाजींच्या शेडमध्ये बसलो होतो. समोर संत्र्यांचा ढीग. काकाजी मोठं फळ एका क्रेटात, मधलं दुसऱ्यात टाकत होते. बोलता बोलता विषय भारताच्या प्रशिक्षकावर, खालिद जमीलवर आला. मान वर न करता काकाजी म्हणाले, "ज्याले खेळता येत नाही ना भाऊ, तो दुसऱ्याले शिकवते."

वाक्य काही नवं नाही. मास्तरांपासून समीक्षकांपर्यंत सगळ्यांचं ते ऐकून झालंय. पण मी शिकवूनच पोट भरलेला माणूस. मला ते लागलं.

माझं जुनं मत असं की खेळ येणं वेगळं आणि खेळ कळणं वेगळं. खालिदला खेळ येत होता; महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, भारताचा संघ अशी त्याची वाटचाल. पण दुखापतींनी पाय लवकर थांबवले. बाकावर बसलेल्या खेळाडूला मैदान निराळं दिसतं. चेंडू कुठं आहे हे सगळेच बघतात; कोण दमलाय, कोणाची जागा मोकळी पडलीय, हे बसलेल्याला दिसतं. २००९ मध्ये तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि सात वर्षं तुटपुंज्या पैशात त्यानं तो संघ लीगमध्ये टिकवला.

हे सगळं मी काकाजींना ऐकवलं. वर टोलाही हाणला, "तुम्ही तरी कुठं संत्र्याचं झाड लावलंय? पण सौंसरकडची उभी बाग नुसती बघून किती माल निघेल ते सांगताच की."

काकाजी हसले. "सांगतो. पन अंदाज चुकला तं पैसा मायाच बुडते. तुह्या कोचचं काय बुडते?"

उत्तर माझ्याकडे होतं. मुंबईनं त्याला काढलं, तो मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेला. हा संघ आदल्या मोसमात खाली घसरलेला. गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतलं म्हणून कसाबसा परत आलेला. २०१६-१७ ची आय-लीग त्यानं जिंकली, मोहन बागानपेक्षा एका गुणानं वरचढ ठरून. आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली. एवढं पुरे होतं. पण काकाजी म्हणाले, "मंग कोलकात्यात काऊन नाही जमलं?" खरंच की. ईस्ट बंगाल, मोहन बागान, दोन्ही मोठी घरं. आय-लीग कुठंच हाती लागली नाही. भारताचा प्रशिक्षक झाल्या झाल्या ओमानला हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक आणला, आणि महिन्याभरात हे मडगाव. माणूस तोच, कळणंही तेच. मग कमी काय पडलं?

घरी येताना जाम नदीचा पूल लागला आणि डोकं भलतीकडेच गेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं गोटमार होते. पात्रात पळस रोवायचा, त्याला झेंडा बांधायचा. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, मध्ये दगडांचा पाऊस. दरवर्षी डोकी फुटतात, माणसंही गेलीत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी थोडा वेळ फेकले आणि पुन्हा दगड उचलले. लोक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. मला त्यात एक धडा दिसतो: वरून चेंडू आला म्हणून खाली खेळ उगवत नाही.

याच्या उलट टोक नागपूरचं. विजय बारसे सरांची गोष्ट 'झुंड' सिनेमामुळे घरोघरी गेली, ती पुन्हा सांगत नाही. फक्त क्रम बघा. २००१ च्या त्या पावसात पोरं फुटकी बादली लाथाडत होती. चेंडू नंतर आला. सरांनी खेळ दिला नाही. तो चालूच होता, त्यांनी तो ओळखला. मिझोरामचंही तसंच. खालिद तिथं पोचला तेव्हा फुटबॉल गल्लीगल्लीत होता. त्यानं घडी बसवली. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला मात्र चार दिवसांचं शिबिर मिळतं आणि गल्ली त्याच्या हातात नसते.

म्हणजे प्रशिक्षकाची बाजू लढवायला निघालेला मी त्याला दुसऱ्या नंबरावर बसवून मोकळा झालो. येणं आणि कळणं यांच्या आधी खेळ असणं लागतं, ते मी धरलंच नव्हतं. २०२३ मध्ये पांढुर्णा-सौंसरचा जिल्हा झाला. आता आपण मैदान मागू, प्रशिक्षक मागू, मागायलाच हवेत. पण कुठली पोरं आधीच काय लाथाडतायत, हे बघायला कोणी जाणार आहे का?

आठवड्यानं पुन्हा शेडमध्ये गेलो. हमालांची दोन पोरं बाद झालेलं संत्रं लाथाडत होती. सालीतून रस उडत होता. आता काकाजी खेकसणार म्हणून मी थांबलो. पण ते हातातलं फळ तसंच धरून बघत होते. मग हळूच म्हणाले, "त्या लहान्या पोट्ट्याचा डावा पाय बघ."