अजामिळाच्या उलट

पाण्याचा पेला समोर असतो. बापूंचे ओठ मिटतात, उघडतात, आणि बाहेर येतं "टा... का... पा...". शेवटी ते बोटानंच दाखवतात. एकेकाळी त्यांच्या एका हाकेवर सारसोळे जेट्टीकडची होडी वळायची. मेंदूच्या झटक्याला आता दोन वर्षं झाली. आये खाडीतल्या बामणदेवाला नवस बोलून बसली आहे.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, अप्रॅक्सिया. डिसार्थ्रियात ओठ-जिभेचे स्नायू लुळे पडतात. इथं स्नायू धड आहेत, शब्दही डोक्यात धड आहे. जीभ कुठं टेकवायची, ओठ कधी मिटायचे, हा क्रम लावणं मेंदूला जमत नाही. हातात बळ आहे, पण पाग कसा फेकायचा तेच हात विसरला, असं मी आयेला सांगितलं. तिला लगेच कळलं.

संध्याकाळी टाळ वाजला की हेच बापू हरिपाठ म्हणतात, चालीत, फारसे न अडखळता. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. पाढे, प्रार्थना, गाणी, शिव्या असं घोटलेलं बोलणं पुष्कळदा टिकतं म्हणे. (शिव्यांचं आम्हीही सांगू शकतो.) आये म्हणते, नाम देवच बोलवून घेतो.

मी अडलो तो इथं. आपोआप येतं ते नाम म्हणायचं का? भागवतातला अजामिळ मरताना मुलाला 'नारायणा' अशी हाक मारतो. देव त्याच्या ध्यानीमनी नसतो, तरी तो सुटतो. म्हणजे टाळाबरोबरचा हरिपाठ देवाला चालतो. पण सकाळी बापू देव्हाऱ्यापुढं एकटे बसतात. टाळ नसतो, चाल नसते. आपल्या मनानं एकदा 'विठ्ठल' म्हणायचं असतं. "बि... टि..." कपाळावर घाम येतो. अजामिळाच्या तोंडी नाम होतं, मनात भाव नव्हता. इथं भाव काठोकाठ आहे आणि नाम निघत नाही.

ऋग्वेद वाणीचे चार भाग सांगतो. तीन गुहेत दडलेले, माणसं बोलतात तो चौथा. पुढं त्यांना परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी ही नावं मिळाली. बापूंची वैखरी तेवढी मोडली, असं म्हणून मी त्यांची समजूत घालायला गेलो. त्यांनी जोरात मान हलवली. नाही. त्यांना चौथाच भाग हवा आहे. परेवर समाधान माना, हे ज्याची जीभ चालते त्यानं सांगणं सोपं, हे मला तेव्हा उमगलं. आता मी उपदेश करत नाही, शेजारी बसतो.

काल पाऊण तासात ते 'विठ्ठ'पर्यंत आले. 'ल' राहिला.