उंबरठ्याच्या आतील दया

मुलांस धर्म कसा शिकवावा, याचा विचार आईबाप पुष्कळ करतात. पण मुलांच्या दृष्टीस धर्म कोठे पडतो, याचा विचार फारसा होत नाही. ख्रिस्ती कुटुंबात सायंकाळी शास्त्रपाठ होतो, गीते म्हटली जातात, प्रार्थना होते. हे सर्व योग्यच आहे. परंतु प्रार्थना आटोपून उठलेला गृहस्थ जेवण वाढण्यास थोडा उशीर झाला म्हणून पत्नीस चारचौघांत टाकून बोलला, तर मुलाने त्या दिवशी दोन पाठ ऐकले असे होते. त्यांपैकी दुसरा त्याच्या मनात अधिक खोल रुजतो, असे आम्हांस वाटते.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त सर्वांस ठाऊक आहे. वाटेवर घायाळ होऊन पडलेल्या मनुष्यास याजक व लेवी टाळून गेले. परका शोमरोनी मात्र थांबला. हा दृष्टान्त आपण परक्यावर दया करण्याचा म्हणून वाचतो. पण वाटेवरचा घायाळ एकदाच भेटतो. घरातला थकलेला, रागावलेला, अपयशी मनुष्य रोज भेटतो. शिवाय बाहेरच्या दयेची वाहवा होते. घरातल्या दयेस साक्षीदार नसतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते नित्य सहवासातील माणसांचे होते, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उदाहरण सुप्रसिद्ध आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पूर्वीच्याच धर्मात राहिल्या आणि उभयतांस दीर्घ वियोग सोसावा लागला. पुढे त्या पतीकडे परत आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे चालूच होते, आणि टिळकांनी ते चालू दिले. पतीच्या शब्दास घरात कायद्याचे बळ असण्याचा तो काळ. तरी त्यांनी ते बळ श्रद्धेच्या कामी लावले नाही. जातिभेद देवाने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे, हा विचार लक्ष्मीबाईंस राहुरीच्या प्रवासात आपला आपणच सुचला, असे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात सांगितले आहे. १९०० साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात नकार देण्याची मोकळीक होती, त्याच घरात त्यांच्या होकारास मोल आले.

परंतु त्याच ग्रंथात चित्राची दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने आली आहे. टिळक शीघ्रकोपी होते. हाती आलेला पैसा गरजवंतास देऊन मोकळे होत, आणि रिकाम्या डब्यांचा संसार लक्ष्मीबाईंस रेटावा लागे. हे औदार्य नव्हे, असे कोण म्हणेल? तरीही ज्या दानाचा भार घरातील दुसऱ्या माणसाने त्यास न विचारता वाहावा, त्यात काही उणे राहतेच. निराधार मुलांस त्या घरात आसरा मिळाला, तेथे मात्र लक्ष्मीबाईंचे हातही राबले. एकाची दया घरातील सर्वांची होते तेव्हाच तिला कौटुंबिक धर्म म्हणता येईल.

यावर कोणी म्हणेल, इतकी मोकळीक दिल्यावर शिस्त कशी राहणार? आमचे म्हणणे शिस्तीविरुद्ध नाही. मुलाने खोटे बोलू नये, प्रार्थनेच्या वेळी गलका करू नये, हे नियम असावेतच. चुकल्यास शासनही असावे. पण शासन निराळे आणि अपमान निराळा. मुलांची मने खचतील अशा रीतीने त्यांस चिडवू नये, असे पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बापांस बजावले आहे. मुलांनी आज्ञा पाळावी, हे सांगितल्यावर लगेच हे बजावणे आले आहे. धाकाने मुलाचे गुडघे टेकवता येतात. त्याचे मन टेकवता येत नाही.

म्हणून घरातील श्रद्धेची परीक्षा प्रार्थनेच्या खोलीत घेण्यापेक्षा स्वयंपाकघरात व आजाऱ्याच्या उशाशी घ्यावी. तेथे सर्वांत दुबळ्या माणसाशी आपण कोणत्या स्वरात बोलतो? देव दयाळू आहे, हे वाक्य मुलास आपण पाठ करवितो. त्याचा अर्थ ते त्या स्वरावरून लावते. हा प्रश्न ख्रिस्ती घरांपुरताच आहे, असेही आम्हांस वाटत नाही.