निष्ठा आणि मित्राची वाट

मित्र चुकतो आहे असे वाटले, तर निष्ठावंताने त्याला साथ द्यावी की त्याची वाट अडवावी? जे. के. रोलिंग यांच्या ७ भागांच्या कादंबरीमालेतील (१९९७ ते २००७) पहिला भाग मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आला आहे. त्यात रात्री नियम मोडून निघालेल्या हॅरी, रॉन व हर्मायनी यांना बुजरा नेव्हिल अडवतो. हर्मायनी त्याला मंत्राने जखडते. त्या तिघांचा हेतू चांगला होता. नेव्हिलला तो ठाऊक नव्हता. तरीही वर्षअखेरीस मुख्याध्यापक डम्बलडोर त्याच्या धैर्याला १० गुण देतात.

याउलट आपला कर्ण. अंगदेशाचे राज्य देणाऱ्या दुर्योधनाला त्याने स्वतःचे जन्मरहस्य कळल्यावरही सोडले नाही. ही कृतज्ञता थोर खरी; परंतु द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी तिने मित्राचा हात धरला नाही. दुर्योधनाला सोबती लाभला, अडवणारा मित्र लाभला नाही.

साथ देणेही थोर ठरते, पण केव्हा? ९ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या नंदुरबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे ४ साथी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांची साथ त्यांच्याहून मोठ्या ध्येयाशी बांधलेली होती.

उद्या आपल्या मुलाने मित्राच्या हातातील दारूचा पेला काढून घेतला आणि त्यापायी ती मैत्री तुटली, तर त्याला मित्रद्रोही म्हणू नये. त्या संध्याकाळी तोच खरा मित्र होता.