निगा आणि मालकी

चांदीचें भांडें काळें पडलें म्हणजे तें घासावें, ही गोष्ट आपल्याकडे वाद घालण्याजोगी कोणीं मानलेली नाहीं. दिवाळीच्या आधीं आठ दिवस ताटें, वाट्या, तांब्या, निरांजनें कपाटांतून बाहेर निघावयाचीं, रिठ्याच्या पाण्यांत बुडावयाचीं आणि वस्त्रगाळ रांगोळीनें घासून पाटावर मांडलीं जावयाचीं, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आईचे हात थकल्यापासून मीहि तो निमूटपणें पाळीत आलों. परंतु गेल्या दिवाळींत आजीचें ताट घासतां घासतां माझा हात मध्येंच थांबला, आणि तेव्हांपासून एक प्रश्न मनांतून हलत नाहीं : ज्या वस्तूची आपण निगा राखतों, ती वस्तु त्या निगेमुळें आपली होते काय?

हात थांबण्याचें कारण असें. ताटाच्या मागच्या बाजूस, कांठालगत, टिंबाटिंबांनीं ठोकलेल्या अक्षरांच्या दोन ओळी आहेत. भांड्यांवर नांव घालण्याची चालच असल्यामुळें त्या असणारच. तें नांव आजोबांचें असावें असें आम्हीं सर्वांनीं गृहीत धरलें होतें, कारण वाचण्याइतकें तें कोणीं निरखून पाहिलेंच नव्हतें. तें नांव आजीचें निघालें, आणि तेंहि माहेरचें. खालीं तिच्या वडिलांचें. म्हणजे ज्यास आम्ही आजवर ‘वडिलार्जित’ म्हणत आलों, तें ताट वडिलांकडून मुळीं आलेलेंच नाहीं. तें तिला लग्नांत मिळालेलें आहे.

आणि तें नांव मी पुशीत होतों! चांदीवर चढणारा काळेपणा बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. हवेंतील गंधकयुक्त वायूचा लेश चांदीशीं संयोग पावतो आणि पृष्ठभागावरची चांदीच काळी होते. अंडें, कांदा, लोंकर, रबर यांच्या सहवासांत हें लवकर घडतें. रबराच्या पट्टीनें बांधून ठेवलेल्या चमच्यांवर पट्टीएवढाच काळा पट्टा उमटलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. तेव्हां घासून जो काळेपणा मोरींत जातो, त्याबरोबर चांदीहि जाते. शिवाय रांगोळीचा कण आपल्या पदरची आणखी थोडी खरवडतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर गरम सोड्याच्या पाण्यांत भांडें ठेविल्यास गंधक चांदीला सोडतें आणि चांदी जागच्या जागीं राहते, हा उपाय रसायनशास्त्रदृष्ट्या बरा खरा. पण त्यांत दुसरी अडचण आहे. आतां इतकीं उथळ झालेलीं तीं अक्षरें वाचतां येतात तीं केवळ खांचांत काळें राहिलें आहे म्हणून. ताट सर्वस्वीं उजळलें कीं नांव दिसेनासें होतें.

प्लुटार्कानें थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेल्यावर जहाज तेंच राहिलें कीं नाहीं, यावर अथेन्सच्या तत्त्वज्ञांत वाद होई. आमच्या ताटांत नवें कांहींच घातलें गेलें नाहीं. तें केवळ कमी होत गेलें, आणि तेंहि प्रेमानें.

सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक यानें मालकीची उपपत्ति लाविली, ती कॉलेजांत शिकवितांना मला नेहमीं समाधानकारक वाटे : मनुष्याच्या हातांचे श्रम त्याचे स्वतःचे, ज्या बेवारस वस्तूंत तो ते मिसळतो ती वस्तु त्याची होते. ताट बेवारस नव्हतें, हें एक. पण क्षणभर श्रमाचेंच माप लाविलें तरी हिशेब माझ्या बाजूनें लागत नाहीं. चांदीचीं भांडीं मोलकरणीच्या हातीं देत नसत, तशीं तीं पुरुषांच्याहि हातीं जात नसत. आजीनें घासलीं, आईनें घासलीं, आणि आत्या दरवर्षीं भाऊबिजेला आली म्हणजे पदर खोंचून प्रथम तेंच ताट पुढें ओढी. आपल्या आईचें नांव ती आपल्याच बोटांनीं झिजवीत होती. तिला तें ठाऊक होतें काय, हें विचारण्याची वेळ आतां निघून गेली.

आजी वारली १९५४ सालीं. हिंदु वारसा कायदा १९५६ चा; तोंपर्यंत आमच्याकडे मिताक्षराच चाले, आणि कल्याणीस चालुक्यांच्या आश्रयानें लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें स्त्रीधनावर पहिला हक्क मुलीचा सांगितला आहे. आजीची मुलगी एकच. माझे काका या मुद्द्यावर म्हणाले, “इतकीं वर्षें आपल्याकडे आहे, ती कधीं बोलली का?” हा युक्तिवाद याज्ञवल्क्यालाहि ठाऊक होता. दुसरा भोगीत असतां धनी पाहून गप्प बसला तर जमीन वीस वर्षांनीं आणि इतर धन दहा वर्षांनीं जातें, असें तो म्हणतो. पण लगेच पुढच्या श्लोकांत अपवाद देतो, आणि ठेव, अज्ञान बालकाचें धन यांच्याबरोबर त्यांत स्त्रियांचें धनहि घालतो. स्त्रीचें मौन संमति म्हणून धरूं नये, हें त्या काळीं त्याला दिसलें होतें. आम्हां सुशिक्षितांना सत्तर वर्षें दिसलें नाहीं, याची मला खरोखर लाज वाटली.

आतेबहिणीला फोन केला. ती हंसली. “दादा, माझ्या दोन खोल्यांत तें ठेवूं कुठें? आणि घासणार कोण?” मला, खरें सांगतों, किंचित् सुटल्यासारखें वाटलें, आणि त्या सुटकेवरूनच ताट मला किती हवें आहे तें कळलें. आठ दिवसांनीं तिचाच फोन आला. “नांव नक्की कोणत्या बाजूला आहे रे?” मीं सांगितलें. ती म्हणाली, भाऊबिजेला येईन तेव्हां नेईन.

तेव्हां प्रश्न उरला तो एवढाच कीं, ताट द्यावयाचें तें उजळून कीं तसेंच. काळें ताट हातीं देणें आपल्याकडे शोभत नाहीं. शेवटीं मीं दर्शनी बाजू कोमट साबणाच्या पाण्यानें धुतली, मऊ सुती फडक्यानें पुसली, आणि मागच्या बाजूस कांठालगतच्या चार बोटें जागेला हात लाविला नाहीं. जुन्या मलमलीच्या धोतरांत गुंडाळून तें आतां कपाटांत ठेविलें आहे. वर दोरा बांधला आहे, रबर नाहीं.