बाद डिस्क

२००१ साली पुण्यातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आला. दोन हार्ड डिस्क, साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड, सगळा थाट. कीर्तनं पहिल्या डिस्कवर रेकॉर्ड व्हायची, रात्री त्यांची कॉपी दुसरीवर जायची आणि सीडी त्या कॉपीवरून निघायची. लवकरच तक्रारी आल्या. ऐन रंगात आलेल्या अभंगात मध्येच ‘टर्र’!

दुरुस्तीच्या पोरानं निदान केलं, “पहिली डिस्क गेली. वाचतानाच घाण येतेय.” मूळ फाइल एकदा लावून ऐकावी, हे कुणालाच सुचलं नाही. पोरानं नवी डिस्क जोडली, सगळं रेकॉर्डिंग तिच्यावर ओतलं, साइज आणि तारखा जुळवून पाहिल्या आणि जुनी डिस्क भंगारात दिली. आता ‘टर्र’ आधीपेक्षा जास्त! मग केबल बदलली, रॅम बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. मालकाचं बिल तेवढं वाढलं.

शेवटी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या अण्णांना बोलावलं. उभा जन्म लाइनीतला फॉल्ट शोधण्यात गेलेला माणूस. ते म्हणाले, “फाइल कुठं बिघडलेली दिसते ते राहू दे. कुठल्या वाटेनं गेली की बिघडते, ते बघू.”

त्यांनी एक मोठी फाइल त्याच डिस्कवर कॉपी केली आणि डॉसमध्ये जाऊन ‘एफसी’ला ‘बी’चा स्विच लावला. फरक शून्य. मग तीच फाइल एका आयडीई चॅनेलवरून दुसऱ्या चॅनेलवरच्या डिस्कवर पाठवली. स्क्रीनवर ओळीमागून ओळ सरकू लागली : डावीकडे जागेचा पत्ता, पुढे न जुळणाऱ्या बाइटची जोडी. अण्णांनी साउंड कार्ड उपसून बाजूला ठेवलं, तीच फाइल त्याच वाटेनं पुन्हा पाठवली. फरक शून्य.

“म्हणजे कार्ड खराब?” पोरानं विचारलं.

“घाई करू नकोस. बोर्डावर व्हीआयएची ६८६बी चिप आहे. हे कार्ड आणि दोन्ही चॅनेल एकदम राबायला लागले, की तिची गडबड होते. जगभर बोंब झालीय त्याची.”

“मग एररचा मेसेज का नाही आला?”

“डीएमएची तपासणी केबलपुरती. केबल सोडून माल पुढे गेला, की विचारणारं कोण?”

नवा बायॉस आणि चिपसेटचा ड्रायव्हर टाकल्यावर कार्ड जागेवर बसवूनही फाइल जुळली. मालकानं सुस्कारा टाकला, “चला, सुटलो!”

“पुढचं सुटलं,” अण्णा म्हणाले. “मागचं रेकॉर्डिंग? नव्या डिस्कवर त्यानं ओतलं, तेही ह्याच वाटेनं. अस्सल माल जुन्या डिस्कवर होता. फॉरमॅट मारलास का रे तिला?”

“मेलेल्या डिस्कला कशाला फॉरमॅट, अण्णा? तशीच दिली भंगारवाल्याला.”

“आज वार कुठला?”

“बुधवार.”

“म्हणजे जुना बाजार भरलाय. स्कूटर काढ!”