खिडकीतून गेलेले संत

सावकाश बसा. खांदे सैल सोडा. श्वास येतो तसा येऊ द्या.

मनाने फ्रान्समध्ये, ल्वार नदीच्या काठी या. दक्षिणेकडून व्हिएन नदी येऊन इथे तिला मिळते. संगमावर कांद-सें-मार्तां नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम दोनशेच्या घरात. थोडा वेळ नुसतं पाणी पाहा. दोन्ही प्रवाह भेटल्याबरोबर एकजीव होत नाहीत, काही अंतर शेजारी-शेजारी वाहतात. त्यांना घाई नाही. तुम्हीही करू नका.

आता गल्लीने वर चढा. घरं पांढुरक्या चुनखडीची. भिंतीवर तळहात ठेवा. दगड इतका मऊ, की नखाने ओरखडा उठावा. याच दगडाचं मोठं चर्च बाराव्या-तेराव्या शतकात इथे उभं राहिलं.

त्याच्याही आधीच्या काळात चला. साल 397, नोव्हेंबर महिना. तूर शहराचे वृद्ध बिशप मार्टिन इथल्या धर्मसेवकांमधलं भांडण मिटवायला आले आहेत. तरुणपणी सैन्यात असताना आमियाँच्या वेशीपाशी कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारे, तेच हे. भांडण मिटलं, परत निघायचं ठरलं, आणि अंगातलं बळ सरलं. राखेवर पडून त्यांनी इथेच देह ठेवला.

पुढचं तूरच्याच ग्रेगरी या बिशपांनी सुमारे दोनशे वर्षांनी लिहून ठेवलं. प्वातिए शहराचे लोक म्हणाले, हे आमच्याकडचे साधू. तूरचे म्हणाले, आमचे बिशप. रात्र पडली. प्वातिएवाल्यांचा डोळा लागला, आणि तूरच्या लोकांनी पार्थिव खिडकीतून बाहेर काढून होडीत ठेवलं. भांडण मिटवायला आलेल्या माणसाच्या देहावरून भांडण व्हावं, हे माझ्या मनाला फार लागतं.

त्या रिकाम्या खोलीत जरा थांबा. पहाट झाली आहे. खिडकी उघडी आहे. खालून पाण्याचा आवाज येतो आहे. कोणा गेलेल्या माणसावर तुमचं मन अजून हक्क सांगत असेल, तर त्याचं नाव मनात घ्या. श्वास सोडा. होडी जाऊ द्या.

लोक सांगतात, ती होडी जाताना ऐन नोव्हेंबरात काठावरची झाडं फुलली. त्या महिन्यातल्या उबदार दिवसांना फ्रान्समध्ये अजूनही ‘सेंट मार्टिनचा उन्हाळा’ म्हणतात.