मोड आणि घडण

लेकीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी आजीच्या पाटल्या मोडाव्यात का? सुरतेत तीन पिढ्या काढलेल्या आमच्या घरात हा प्रश्न पडला. सोनार म्हणाला, ‘सोनुं तो सोनुं ज छे.’ डाख वजा जाईल, घडणावळ पडेल. बाकी त्याच्या लेखी काहीच उणे होत नव्हते.

त्याचे खोटे नाही. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत कच्चा हिरा फिरत्या घंटीवर पुष्कळदा निम्म्याहून अधिक वजन गमावतो, तेव्हा त्याला तेज येते. पण हिऱ्याला आजी नसते. पाटलीची आतली झीज एका मनगटाची असते. ती मुशीत गेली की पुन्हा घडत नाही.

शेवटी आजीलाच विचारले. ती हसली. ‘अरे, सासूबाईंचे गोट मोडूनच या केल्या होत्या.’ ते गोट कसे होते? तिला आठवेना.

मला वाटते, खरी हानी ती. सोने मोडायला हरकत नाही. प्रत्येक पिढी आपल्या हौसेने ते घडवणारच. मात्र मोडण्यापूर्वी ते कोणाचे, कोणाच्या कष्टाचे, हे घालणारीला ठाऊक हवे.

आम्ही एक पाटली मोडली, एक ठेवली. आणि लेकीला आजीजवळ बसवले.